पाठ केलेली उत्तरे आणि कमावलेली उत्तरे

चतुर्थीच्या दिवसांत आपल्या किनारपट्टीवरील घरे पुन्हा माणसांनी भरून जातात. मुंबई-पुण्याचे चाकरमानी तर येतातच. आता त्यांच्याबरोबर बंगळूर आणि हैदराबाद गाठलेली मुलेमुलीही येतात. आरती आटोपून मंडळी ओसरीवर टेकली, की पाऊसपाणी, भातशेती यांच्या जोडीने एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे नोकरीचा. कोणाला लागली, कोणाची हुकली, आणि हुकली ती कशामुळे? या गप्पांतून कानी आलेली एक हकीकत आम्हांला इतकी विचार करायला लावणारी वाटली, की आजचा हा स्तंभ तिलाच द्यावा असे आम्ही ठरविले.

मालवणकडचा हा तरुण. वडिलांचा मच्छीमारी होड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचा लहानसा व्यवसाय. मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन हैदराबादला गेला आणि तेथील अमीरपेठ भागात राहून त्याने सॉफ्टवेअर टेस्टिंगचे, म्हणजे संगणकाच्या प्रणालीतील दोष हुडकून काढण्याचे, शिक्षण घेतले. शिकवणीबरोबरच मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे असलेली एक बांधीव वही त्याच्या हाती पडली. ती त्याने अक्षरशः मुखोद्गत केली. मुलाखतीचा दिवस उजाडला. पहिले चार प्रश्न सुरळीत पार पडले. मग परीक्षकाने विचारले, "इतरांना न सापडलेला एखादा दोष तुम्ही शोधून काढल्याचा प्रसंग सांगा." मुलाने वहीतला बँकेच्या खातेप्रणालीचा प्रसंग म्हणून दाखविला. परीक्षक शांतपणे म्हणाले, "हा प्रसंग आज सकाळपासून मी तिसऱ्यांदा ऐकतो आहे. तुमचा स्वतःचा एखादा सांगा." मुलगा गप्प झाला, तो गप्पच राहिला.

आम्ही त्याला विचारले, "बाबा रे, खरोखरच तुझ्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते का?" त्याने मान हलविली. पण पुढे गप्पांच्या ओघात त्याने एक जुनी आठवण सहज सांगितली. मासेमारीबंदी उठल्यावर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात एका होडीचे इंजिन त्रास देऊ लागले. जेटीवर ते व्यवस्थित चाले. खोल पाण्यात गेले की बंद पडे. दोन जाणत्या कारागिरांनी डिझेलची गाळणी बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. या पोराने काय करावे? त्याने इंजिन केव्हा केव्हा बंद पडले याची तांडेलाकडून नोंद घेतली. समुद्र शांत असतो त्या दिवशी ते बंद पडत नाही, लाटा असल्या की पडते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने टाकीचा तळ रिकामा करवला. तळाशी पाणी निघाले. जेटीवर ते स्वस्थ पडून राही. होडी हिंदकळली की नळीत शिरे. टाकीच्या झाकणाचे रबर झिजले होते आणि त्यातून पावसाचे पाणी आत जात होते.

"अरे, परीक्षकाने विचारले ते हेच तर!" आम्ही न राहवून म्हणालो. त्यावर त्याने दिलेले उत्तर आमच्या मनातून अजून जात नाही. तो म्हणाला, "काका, ते वहीत नव्हते. आणि तिथे होडीचे कसे सांगणार?"

या दोन वाक्यांत आजच्या तरुण पिढीची सारी व्यथा सामावली आहे. स्वतःचे सोने घरी ठेवून दुसऱ्याचे पितळ बाजारात नेण्याची पाळी आमच्या मुलांवर का यावी? वडिलांच्या दुकानात केलेल्या कामाची लाज त्यांना कोणी शिकविली? आणि मुलाखतीची तयारी म्हणजे परक्याची उत्तरे घोकणे, ही समजूत रूढ झाली तरी कशी?

यासाठी आधी अमीरपेठ समजून घेतले पाहिजे. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी हैदराबादच्या माधापूर भागात सायबर टॉवर्स या वास्तूचे उद्घाटन केले आणि हायटेक सिटी नावाची नवी नगरी आकारास आली. त्या नगरीत शिरण्याची तयारी जेथे होते ते हे अमीरपेठ. मैत्रीवनम, आदित्य एन्क्लेव्ह या इमारतींच्या परिसरात शिकवण्यांचे फलक एकावर एक चढलेले असतात. जावा, ओरॅकल, पायथन, टेस्टिंग अशी नावे तेथे भाजीच्या पाट्यांसारखी मांडलेली दिसतात. आसपासच्या गल्ल्यांतून मुलामुलींची वसतिगृहे, खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने. या दुकानांत शिकवणीच्या टिपणांच्या आणि मुलाखतीच्या प्रश्नोत्तरांच्या प्रती विकत मिळतात. आता कित्येक वर्ग दूरस्थ झाले आहेत आणि वहीची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. तथापि माल तोच आहे.

अमीरपेठची टिंगल करावी असा आमचा हेतू मुळीच नाही. महाविद्यालयात चार वर्षे काढूनही जे हाती लागत नाही ते हस्तकौशल्य अल्प खर्चात आणि अल्प काळात देणारी ही पेठ आहे, आणि लहान गावांतून आलेल्या असंख्य मुलांचे संसार तिने उभे केले आहेत. प्रश्नांची यादी आधी पाहून ठेवणे यातही काही गैर नाही. गैर आहे ते एवढेच, की यादीबरोबर उत्तरही विकत मिळते आणि घेणाऱ्याला वाटते, आपले काम झाले.

ही गोष्ट आजची नाही, आणि केवळ आपल्या देशातलीही नाही. १९२१ साली अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी आपल्याकडे नोकरीस येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची एक परीक्षा तयार केली. भूगोल, इतिहास, धातू, लाकूड, सारे काही तिच्यात होते. लवकरच ते प्रश्न वर्तमानपत्रांत छापून आले आणि घरोघरी लोक त्यांची उत्तरे शोधू लागले. एडिसनना नवे प्रश्न काढावे लागले. त्याच सुमारास अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या आइन्स्टाइन यांना त्या यादीतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारण्यात आला. पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. प्रश्न फुटले की पाठांतर सुरू होते आणि पाठांतर सुरू झाले की प्रश्नाचे मोल संपते, हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

मग तयारी करूच नये काय? तयारीविना उभा राहणारा तर दुप्पट फसतो. तयारी कशी करावी याचा वस्तुपाठ आम्हां कोकण-गोव्याच्या माणसांना दूर शोधायला नको. तो आपल्या देवळाच्या आवारात दरवर्षी जत्रेला मिळतो. दशावतारी नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. रात्रीचे आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, आणि एका बाकड्याच्या आधाराने पहाटेपर्यंत राजे, राक्षस, ऋषी बोलत राहतात. समोरच्या पात्राने अनपेक्षित प्रश्न टाकला, तर त्याला तेथल्या तेथे चोख उत्तर मिळते. या नटाची तयारी नसते असे कोण म्हणेल? कथा त्याला नखशिखान्त ठाऊक असते, आपल्या पात्राचा स्वभाव ठाऊक असतो, आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने जीभ वळणावर आलेली असते. त्याने शब्द पाठ केलेले नसतात, आख्यान पचविलेले असते. मुलाखतीला जाणाऱ्याचे आख्यान म्हणजे त्याचे स्वतःचे आयुष्य. ते तरी त्याला पुरते ठाऊक हवे की नको?

म्हणून आमची पहिली सूचना अशी, की विकतच्या वहीबरोबर एक कोरी वही आणावी. तीत स्वतःच्या आयुष्यातील दहा प्रसंग लिहावेत. महाविद्यालयातील प्रकल्प, गणेशोत्सव मंडळाचा हिशेब, घरच्या दुकानातली अडचण, क्रिकेटच्या संघातले भांडण, काहीही चालेल. प्रत्येक प्रसंगाच्या चारच ओळी: परिस्थिती काय होती, माझ्यावर जबाबदारी कोणती होती, मी नेमके काय केले, आणि त्याचे फळ काय मिळाले. "आम्ही केले" असे लिहिण्याचा मोह टाळून "मी केले" तेवढेच लिहावे, कारण परीक्षकाला माणूस निवडायचा असतो, मंडळ नव्हे. पूर्ण वाक्ये लिहून ती पाठ करू नयेत. एखाद्या मित्राला समोर बसवून तोच प्रसंग तीन वेळा, तीन वेगळ्या शब्दांत सांगावा. शब्द बदलले तरी गोष्ट ढळत नाही असे झाले, म्हणजे तयारी झाली असे समजावे.

नेहमीचे प्रश्न तर सर्वांना ठाऊकच आहेत. "स्वतःविषयी सांगा" हा त्यांतला पहिला. याच्या उत्तरात आईवडिलांची नावे, भावंडांची संख्या आणि गावाचा पत्ता सांगणारे उमेदवार पुष्कळ. हे सारे अर्जात आधीच लिहिलेले असते. दोन मिनिटांत आपण काय शिकलो, आपल्या हातून काय घडले आणि या कामाकडे का वळलो, एवढे सांगितले तरी पुरे. "तुमची उणीव कोणती?" या प्रश्नाला "मी फार कष्ट करतो" हे उत्तर इतके झिजले आहे, की ते ऐकून परीक्षकाला हसू तरी येते किंवा जांभई तरी. चारचौघांत बोलताना अडखळतो, हे खरे असेल तर ते सांगावे आणि ती खोड घालविण्यासाठी काय करतो तेही सांगावे. "पाच वर्षांनी कोठे असाल?" असे विचारणाऱ्याला भविष्य नको असते, कोणत्या विद्येत पुढे जाण्याची इच्छा आहे ते हवे असते. "आमच्याकडेच का?" याचे उत्तर त्या संस्थेचे काम वाचून गेलेल्यालाच देता येते. शिक्षणात वर्ष वाया गेले असेल, गुण कमी असतील, तर दोन वाक्यांत खरे कारण सांगावे आणि थांबावे. लांबलेल्या सबबीने संशय वाढतो. पगाराचा आकडा सांगण्यापूर्वी त्या शहरातील खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांचा हिशेब घरीच करावा.

शेवटी परीक्षक विचारतात, "तुम्हांला काही विचारायचे आहे काय?" आमची बहुतेक मुले "नाही" म्हणून नमस्कार करतात आणि उठतात. ही नम्रता महागात पडू शकते. पहिल्या सहा महिन्यांत काम कोणते, शिकविणार कोण, किती काळ नोकरी न सोडण्याचा करार लिहून द्यावा लागेल काय, मूळ प्रमाणपत्रे संस्था स्वतःकडे ठेवून घेते काय, हे विचारण्याचा उमेदवाराला अधिकार आहे आणि ते विचारणे हे शहाणपणाचे लक्षण आहे. मुलींच्या वाट्याला "लग्न कधी करणार?" हा आणखी एक प्रश्न येतो. कामाशी संबंध नसलेला हा प्रश्न विचारणाऱ्यानेच खरे तर ओशाळावे. पण आला तर चिडून किंवा घाबरून न जाता, "कामाची जबाबदारी घेतली की ती मी पार पाडते," असे शांतपणे सांगून आपल्या वहीतला एखादा प्रसंग पुढे ठेवावा.

आता प्रश्न भाषेचा. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला विषय कळत नाही असे नसते. पण इंग्रजीत बोलायचे म्हटले की त्याचा घसा कोरडा पडतो, आणि म्हणून तो दुसऱ्याच्या तयार वाक्यांचा आश्रय घेतो. पाठांतराचे खरे मूळ पुष्कळदा येथे असते. हैदराबाद शहराने मराठी माणसाची ही परीक्षा पूर्वीही घेतली आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. उच्च शिक्षण हवे तर मराठी मुलाने उर्दूत उत्तरे द्यावीत, अशी ती व्यवस्था होती. त्या काळात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विवेकवर्धिनी संस्था मराठी मुलांचा आधार बनली. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थी काढून टाकले गेले, तेव्हा त्यांतील अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पुढे उस्मानियातील उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. दारावरची भाषा बदलली, दार मात्र राहिले.

त्या पिढीकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हे, की दारावरची भाषा शिकून घ्यावी, पण आत नेण्याचा ऐवज स्वतःचा असावा. प्रसंग आधी मराठीत नीट आठवावा, मराठीत नीट सांगावा, आणि मग तोच लहान लहान, साध्या इंग्रजी वाक्यांत आणावा. व्याकरणाची एखादी चूक परीक्षक विसरतो. दुसऱ्याचे वाक्य विसरत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा जो भारतीय भाषेतून देतो, त्याला २७५ गुणांची मुलाखतही त्याच भाषेतून देता येते. देशाचा कारभार ज्यांच्या हाती द्यायचा त्यांना मराठीत पारखता येते, मग खाजगी संस्थांनी चार वाक्ये धीराने ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

पाठांतराचा पुढचा टप्पा असत्याचा असतो, आणि तेथे मात्र आम्हांला कठोर झाले पाहिजे. कधीही न केलेल्या नोकरीचा दोन-तीन वर्षांचा अनुभव कागदोपत्री दाखवून देणारे दलाल आहेत. मुलाखतीवाचून मागल्या दाराने नोकरी लावून देतो असे सांगून पैसे उकळणारेही आहेत. दूरस्थ मुलाखतीत पडद्याआडून दुसऱ्याने उत्तरे पुरविण्याचे प्रकार होतात, आणि आता तर यंत्रेही उत्तरे रचून देऊ लागली आहेत. मोठ्या संस्था कागदपत्रांची पडताळणी करतात. रुजू झाल्यानंतर खोटेपणा उघडकीस आला तर नोकरी जाते आणि नावाला लागलेला डाग पुढच्या दारापर्यंत पाठलाग करतो. शेतजमीन गहाण टाकून असल्या दलालाची भर करणाऱ्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे. पैशासह मुलाचा स्वतःवरचा विश्वासही त्या व्यवहारात जातो.

परंतु सगळा उपदेश उमेदवारालाच करून परीक्षकांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. साचेबंद प्रश्न विचारणाऱ्याला साचेबंद उत्तरे मिळाली तर त्याने तक्रार कोणाकडे करावी? मुलाखतीच्या नावाखाली काय चालते याची दखल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच अजय हासिया खटल्यात घेतली होती. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा तो प्रश्न होता. लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०; आणि मुलाखत दोनतीन मिनिटांत उरकलेली, तीही आईवडील व राहण्याचे ठिकाण असल्या प्रश्नांवर, अशी उमेदवारांची तक्रार होती. तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल, असे मत न्यायालयाने दिले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करण्याची सूचनाही केली. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली. वशिला आणि लाचलुचपत यांना तेवढेच एक दार बंद झाले.

खाजगी क्षेत्रात मुलाखत राहणार आहे; मग ती नीट तरी व्हावी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून ठरलेल्या कसोटीवर गुण देणारी मुलाखत ही ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीहून माणसाच्या भावी कामाचा अधिक खरा अंदाज देते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली केलेल्या फेरतपासणीत तर ही आखीव मुलाखत निवडीच्या साधनांत अग्रस्थानी आली. आमच्या तरुणाला "तुमचा स्वतःचा प्रसंग सांगा" असे म्हणणारे परीक्षक म्हणूनच आम्हांला योग्य मार्गावरचे वाटतात. दार त्यांनी उघडले होते. आत कसे जावे हे मुलाला कोणी शिकविले नव्हते.

ते शिकविण्याचे काम आपल्या गावातच होऊ शकते. किनारपट्टीवर गावोगावी वाचनालये आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेले अधिकारी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाच्या दिवाणखान्यात तीन वडीलधाऱ्यांनी टेबलामागे बसावे, समोर मुलामुलींना एकेक करून बोलवावे आणि विचारावे, "बाळ, तू काय काय केले आहेस ते सांग." याला वर्गणी लागत नाही, मंत्र्याचे उद्घाटनही लागत नाही. आपण केलेले काम सांगण्यासारखे आहे, हे मुलाला एकदा कोणी तरी ऐकून घेतल्याशिवाय कळत नाही. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. गहू असणाऱ्यांना बोलते करणे हे आता समाजाचे काम आहे.

विसर्जन आटोपून तो मालवणचा तरुण वास्कोहून सिकंदराबादची गाडी धरणार होता. निघण्यापूर्वी त्याने आपली नवी वही आम्हांला दाखविली. पहिल्याच पानावर होडी होती. चार ओळी, त्याच्या स्वतःच्या इंग्रजीत, दोन ठिकाणी चुकलेल्या. नोकरी त्याला या खेपेला मिळेल की पुढच्या, हे आम्ही कसे सांगावे? मात्र हा प्रसंग त्या परीक्षकांनी सकाळपासून दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नसेल, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.